वाळूची वाट आणि जुनी जीप

जैसलमेर किंवा बिकानेरच्या बाजारात प्रथमच जाणाऱ्या माणसाचे लक्ष उंटाच्या गाड्याकडे वेधल्यावाचून राहत नाही. नवल उंटाचे नसते. नवल असते त्या गाड्याच्या चाकांचे. ती लाकडी नसतात. विमानांवरून निकाली निघालेले जाडजूड टायर तेथील कारागिरांनी गाड्यांना बसविले आणि कोणत्याही ग्रंथाचे साहाय्य न घेता वाळूत चालण्याचे मर्म हस्तगत केले. उंटाचा तळवा जसा रुंद आणि गादीसारखा मऊ, तसेच चाकही हवे, हे ते मर्म होय. थरच्या वाळवंटात हिंडण्यासाठी जुनी जीप अथवा तत्सम गाडी घेऊ पाहणाऱ्याने दलालाच्या दारी जाण्यापूर्वी हा गाडा घटकाभर न्याहाळावा. निम्मे शिक्षण तेथेच होते.

असा ग्राहक नेहमी हौशी प्रवासीच असतो असे नाही. जैसलमेर जिल्ह्यातील उजाड माळांवर आज पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. त्यांपैकी कित्येक तर पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन कंपनीच्या आहेत. तेथे काम करणारे अभियंते, ढाण्यांवर जाणारे गुरांचे डॉक्टर, भूजलाचा शोध घेणारे सर्वेक्षक अशा अनेकांना डांबरी सडक सोडून वाळूत उतरावे लागते. चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळणारी नवी गाडी महाग, म्हणून जुनीचा शोध सुरू होतो. परंतु येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. शहरात गाडी बंद पडली तर माणसाचा तासभर वाया जातो. १९ मे २०१६ रोजी याच प्रदेशातील फलोदी येथे तापमान ५१ अंशांवर गेले होते. अशा दिवशी, वस्तीपासून पंधरा-वीस किलोमीटरांवर, जवळ दोन बाटल्या पाणी असताना बंद पडलेली गाडी हा प्राणांशी खेळ ठरतो.

वाळूत गाडी रुतते ती प्रायः शक्ती कमी पडल्यामुळे नव्हे, तर भार थोड्याशा जागेवर एकवटल्यामुळे. टायरमधील हवा कमी केली की त्याचा भूमीला टेकणारा भाग लांबतो, भार पसरतो आणि चाक वाळू उकरण्याऐवजी तिच्यावरून सरकत जाते. सडकेवर तीस पौंडांच्या आसपास असणारा दाब वाळूत पंधरा ते अठरा पौंडांपर्यंत उतरवितात. मात्र अशा स्थितीत वेगाने वळण घेतल्यास टायर रिंगेवरून निसटण्याचे भय असते, आणि सडकेवर परतताच पुन्हा हवा भरावी लागते. म्हणून हवेचा पंप ही चैन नव्हे.

या विद्येचे आद्य आचार्य म्हणून राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्याचे नाव घ्यावे लागेल. १९२० आणि १९३० च्या दशकांत त्याने साध्या फोर्ड मोटारी घेऊन लिबियाचे वाळवंट पालथे घातले. चाकांखाली घालण्याच्या पोलादी पट्ट्या, रेडिएटरमधून उडून जाणारी वाफ डब्यात धरून तिचे पुन्हा पाणी करण्याची युक्ती, हे सारे त्याच्या मंडळींनी वापरात आणले. १९४० मध्ये त्याने उभारलेल्या लष्करी टोळीने सुरुवातीस वापरलेले शेव्हरले ट्रक केवळ मागच्या दोन चाकांवर चालणारे होते! पुढे १९४१ मध्ये उडत्या वाळूच्या भौतिकशास्त्रावरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो आजही प्रमाण मानला जातो. उलट, डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या परिसरात शत्रूचे कित्येक रणगाडे आणि गाड्या मऊ वाळूत रुतल्या आणि उजाडताच हंटर विमानांच्या माऱ्यात सापडल्या. रणगाड्याला बळ काय कमी असते?

तात्पर्य, गाडी हलकी असावी. या कसोटीवर मारुतीची जिप्सी पहिल्या पंक्तीत बसते. १९८५ च्या अखेरीस बाजारात आलेल्या या गाडीचे वजन एक टनाच्या आसपास. आरंभीचे इंजिन एक लिटरहूनही थोडे लहान होते. १९९६ पासून १.३ लिटरचे आले. वाळूसाठी हे दुसरे इंजिन पत्करावे, कारण पहिले चढावर धापा टाकते. जिप्सीच्या आसनांवर दिवसभर बसणे हे एक व्रतच आहे, हे मान्य केले पाहिजे. शिवाय २०१९ पासून ती सामान्य ग्राहकाला नवी मिळेनाशी झाल्याने चांगल्या जुन्या गाडीचा भाव चढला आहे.

महिंद्रची जुनी डिझेल जीप वजनाने जड, वाळूत तुलनेने आळशी; परंतु पाण्याची पिंपे आणि अवजारे लादून खडकाळ माळावरून जायचे असेल, तर तिच्यासारखी सोशिक गाडी नाही, आणि पोखरणपासून बाडमेरपर्यंत कोणताही मिस्त्री ती डोळे मिटून खोलतो. २०१० मध्ये याच वाळवंटाचे नाव घेऊन आलेली थार अधिक जोमदार आणि अर्थातच अधिक खर्चाची. जबलपूरच्या कारखान्यात सैन्यासाठी तयार झालेल्या जोंगा गाडीविषयी अनेकांना विलक्षण ओढ असते. तिचे रूप रुबाबदार, पण सहा सिलिंडरांचे ते इंजिन पेट्रोल अशा वेगाने पिते की मालकाची ओढ फार काळ टिकत नाही.

आता प्रत्यक्ष पारख. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, हा व्यवहार येथे मुळीच करू नये. गाडी पाहावयास सकाळी जावे आणि इंजिन थंड असल्याची बॉनेटला हात लावून खात्री करावी. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर काही दडवावयाचे आहे असे समजावे. थंड इंजिन चटकन सुरू होते की नाही, धूर निळसर येतो काय, हे पाहावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहावे. तेथून भकाभक वाफारा येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या आहेत.

परंतु वाळवंटात राबलेल्या गाडीची सर्वांत महत्त्वाची परीक्षा याहून साधी आहे, आणि ती फार थोडे लोक करतात. एअर फिल्टर बाहेर काढावा आणि त्याच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आत, पांढरे स्वच्छ फडके फिरवावे. फडक्यावर बारीक रेती आली, तर ती इंजिनातही गेलेली आहे. वाळूचे कण सिलिंडरच्या भिंती कानशीप्रमाणे घासतात. बाहेरून रंग कितीही चकचकीत असो, अशी गाडी फुकटही नको.

गाडी कोठून आली हेही विचारावे. कोकणपट्टीत किंवा कच्छच्या रणात वापरलेल्या गाडीच्या चासीला खारी हवा आतून खाते. तळाशी नुकताच काळा रंग फासलेला दिसला, तर लहान हातोडीने ठिकठिकाणी ठोकावे. सशक्त लोखंड खणखणते, गंजलेले बद्द बोलते. खाली वाकलेच आहे, तर पुढच्या आसापर्यंत दांडा पोहोचतो की नाही हेही पाहून घ्यावे. ‘फोर बाय फोर’ ही अक्षरे कोणालाही चिकटविता येतात.

क्लच तपासण्यासाठी सपाट जागी हातब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक. ते गुरगुरत राहिले तर क्लच संपला. वाळूत अडकलेल्या गाडीत चालक क्लचचाच सर्वाधिक छळ करतो. चारही चाकांची जोडणी मात्र डांबरी सडकेवर तपासू नये. तेथे चाकांना घसरावयास वाव नसल्याने यंत्रावर ताण येतो. मोकळ्या मातीत ती घालून, काढून, लहान-मोठे दोन्ही गिअर वापरून पाहावी.

टायरच्या बाबतीत नवखा ग्राहक हमखास फसतो. खोल, राकट खाचांचे टायर दिसावयास शूर. पण ते सह्याद्रीतल्या चिखलासाठी. वाळूत त्या खाचा फावड्याचे काम करतात आणि चाक स्वतःचा खड्डा स्वतःच खणते. मऊ भिंतीचा, बेताच्या खाचांचा टायर हवा. टायरच्या अंगावरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. राजस्थानचे ऊन रबराला लवकर म्हातारे करते, त्यामुळे खाचा शाबूत असूनही कडांना भेगा पडलेल्या असल्या तर नव्या टायरांचा खर्च किमतीतून वजा करावा.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. चासीवर कोरलेला क्रमांक नोंदणीपुस्तकाशी अक्षरशः ताडावा. परराज्यातील गाडीला तेथील परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; नंतर तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. बँकेचे कर्ज फिटल्याची नोंद झाली आहे काय, हेही पाहावे. सैन्याच्या लिलावातील गाडी असल्याचे कोणी सांगितले, तर लिलावाचे मूळ कागद मागावेत. फौजी असल्याची बतावणी करून आगाऊ पैसे उकळणारे भामटे अलीकडे बोकाळले आहेत. गाडी डोळ्यांनी पाहिल्यावाचून इसार देऊ नये.

हे सारे जुळल्यावर एकदा गाडी दुपारी वाळूत न्यावी, सोबत दुसरी गाडी आणि फावडे घेऊन. पहाटे वाळू घट्ट असते, तेव्हा कोणतीही गाडी चालते. टेकडीची वाऱ्याकडील बाजू सौम्य उताराची, तर पलीकडची ढासळती आणि उभी. म्हणून माथ्यावर थांबून आधी पायी पलीकडे पाहावे. लहान गिअरमध्ये दहा-पंधरा मिनिटे चालवून तापमानाचा काटा कोठे जातो इकडे लक्ष ठेवावे, विशेषतः वारा पाठीमागून असताना. त्या वेळी रेडिएटरला हवा मिळत नाही. काटा मध्यावर स्थिर राहिला, तर मोलभावाला बसण्यास हरकत नाही. तो चढत गेला, तर इंजिन बंद करून बॉनेट उघडावे. रेडिएटरचे झाकण मात्र गाडी पुरती निवेपर्यंत उघडू नये. तेवढ्या वेळात विक्रेता काय काय कारणे सांगतो, ते ऐकून घ्यावे.