संदर्भ अणदूरमध्येही आहेत

समाजशास्त्राचा प्रकल्प हाती आला की अणदूरसारख्या गावातली मुलं एकच वाक्य बोलतात: "सर, आपल्याकडे काही मिळत नाही, पुण्याला जावं लागेल." हा गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून आधी त्याबद्दलच बोलू.

अणदूरच्या खंडोबाचं उदाहरण घ्या. मूर्ती एक, देवळं दोन. वर्षातले सुमारे दहा महिने देव अणदूरला असतो, उरलेले सुमारे दोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. मूर्ती नेण्या-आणण्यासाठी दोन्ही गावांत लेखी करार होतो. दोन गावं एक देव कसा वाटून घेतात, मान कोणाचा, खर्च कोणाचा, वाद मिटतो कसा, हा अस्सल समाजशास्त्रीय प्रश्न आहे. त्याचे पहिले साक्षीदार म्हणजे पुजारी, मानकरी आणि वाघ्या-मुरळी. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर महाराष्ट्रात आले आणि धनगरांमध्ये बसून त्यांनी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. खंडोबा आणि बिरोबावरचा त्यांचा अभ्यास अशा कामातूनच उभा राहिला. रा. चिं. ढेरे यांचं 'खंडोबा' त्याच्या जोडीला वाचा. मुलाखत मात्र परवानगी घेऊन करा, आणि तारीख, ठिकाण, सांगणाऱ्याचा गावाशी असलेला संबंध टिपून ठेवा. एकाच माणसाचं ऐकून निष्कर्ष काढू नका. अणदूरकराने सांगितलेलं नळदुर्गात पडताळून बघा.

आरोग्य हा विषय असेल तर हॅलो मेडिकल फाउंडेशन गावातच आहे. खेड्यांतल्या बायकांना प्रशिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून उभं करण्याचं काम या संस्थेने केलं. त्या बायकांशी बोलणं हेच प्राथमिक साधन आहे.

"चांगलं संशोधन पैसे भरल्याशिवाय वाचता येत नाही." हेही खरं नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं 'शोधगंगा' हे भारतीय विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांचं मोफत भांडार आहे. प्रबंधाच्या शेवटी असलेली संदर्भसूची आधी उघडा, पुढच्या दहा पुस्तकांची नावं तिथेच सापडतात. जेस्टोरवर मोफत खातं काढलं की महिन्याला 100 लेख ऑनलाइन वाचता येतात. आपल्या महाविद्यालयाला ई-पुस्तकं आणि नियतकालिकं वाचायला देणाऱ्या 'एन-लिस्ट'ची सोय आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. असेल तर पासवर्ड मागून घ्या.

"जुनी आकडेवारी टाकाऊ." उलट, बदल मोजायचा तर जुनंच लागतं. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्याचं गॅझेटिअर 1972 चं आहे. 2011 च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावोगावची लोकसंख्या, साक्षरता, कामकरी माणसं, पाणी आणि शाळा यांची नोंद आहे. दोन्ही इंटरनेटवर मोफत मिळतात. फक्त आकड्यापुढे वर्ष लिहा. 2011 चा आकडा आजचा म्हणून देणं ही चूक आहे. 1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे त्या काळची पुष्कळ दप्तरं उर्दूत आहेत आणि त्यांचा शोध हैदराबादेतही घ्यावा लागतो.

चॅटबॉटने दिलेली संदर्भसूची मात्र जशीच्या तशी उतरवू नका. त्यात कधी कधी अस्तित्वातच नसलेली पुस्तकं असतात. पुस्तक किंवा लेख प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय त्याचं नाव सूचीत घालायचं नाही.

पौष पौर्णिमेला मैलारपूरची यात्रा भरते. यंदा जाल तेव्हा वही-पेन सोबत ठेवा.