एरंडाच्या बीपासून कॅस्ट्रॉलपर्यंत

एरंडाचे बी जैन वाचकांस अपरिचित नाही. तत्त्वार्थसूत्राच्या दहाव्या अध्यायात, दिगंबर पाठानुसार, मुक्त जीवाच्या ऊर्ध्वगमनाला जे दृष्टान्त दिले आहेत, त्यांत ते आहे. फळ तडकले की बी वर उसळते, तसा बंध तुटला की जीव वर जातो. याच बियांच्या तेलाने मोटारींच्या जगात एक मोठे नाव घडविले. ‘कॅस्ट्रॉल’ या शब्दात एरंडेलाचे इंग्रजी नाव, कॅस्टर ऑइल, सामावले आहे.

चार्ल्स चीअर्स वेकफील्ड यांनी १८९९ साली लंडनच्या चीपसाइड भागात वंगणतेलाची पेढी काढली. आरंभी रेल्वे आणि अवजड यंत्रे हेच तिचे ग्राहक होते. पुढे मोटारी व विमाने आली. त्यांच्या इंजिनांना थंडीत सहज वाहणारे आणि तापल्यावर पातळ न होणारे तेल हवे होते. योग्य प्रमाणात एरंडेल मिसळून पेढीने तो मेळ साधला आणि १९०९ मध्ये कॅस्ट्रॉल हे नाव जन्मास आले. १९६० मध्ये तर कंपनीनेच संस्थापकाचे नाव उतरवून उत्पादनाचे नाव धारण केले.

१९६६ साली कॅस्ट्रॉल बर्मा ऑइल कंपनीच्या ताब्यात गेली. ही जुनी, भरभक्कम कंपनी होती. १९०९ सालीच तिच्या भांडवलावर अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी, म्हणजे आजची बीपी, उभी राहिली होती. मात्र १९७४ पर्यंत बर्माने तेलवाहू जहाजांचे मोठे करार करून ठेवले होते आणि अमेरिकेतील तेलव्यवसाय विकत घेण्यासाठी डॉलरमध्ये कर्जही काढले होते. जहाजांचे भाडे कोसळले, कर्जाच्या अटी पाळणे अशक्य झाले आणि वर्षअखेरीस बँक ऑफ इंग्लंडकडे धाव घ्यावी लागली. बँकेने हमी दिली. मोबदल्यात बर्माजवळचे बीपीचे शेअर गेले. बर्मा सावरली ती पुढे कॅस्ट्रॉलच्या आधाराने. २००० साली बीपीनेच बर्मा-कॅस्ट्रॉल विकत घेतली. जिला जन्म दिला, तिच्याच घरी आश्रयास जावे लागले!

भारतातही नाव आणि मालकी यांचा असाच खेळ झाला. परकीय चलन नियमन कायद्यामुळे परदेशी भागभांडवल साधारणतः ४० टक्क्यांवर आणणे भाग होते. त्या काळात, १९७९ मध्ये, येथील व्यवसायासाठी ‘इंड्रॉल’ ही कंपनी स्थापन झाली. १९८२ मध्ये तिचे शेअर जनतेला खुले झाले. १९९० साली ती ‘कॅस्ट्रॉल इंडिया’ झाली. तिचे मुख्यालय मुंबईत आहे.

कर्ज देणाऱ्या खुर्चीत आयुष्य घालवलेल्या माणसाला या इतिहासातील १९७४ हे वर्ष विसरता येत नाही. बर्माचा धंदा वाईट नव्हता आणि मालमत्ताही मोठी होती. मर्यादा तेवढी राहिली नव्हती. आपल्या श्रावकाचारातील परिग्रहपरिमाण व्रत सहसा घरातील सोने, धान्य आणि जमीन यांपुरते सांगितले जाते. दुकान वा कारखाना चालविणाऱ्या कुटुंबाने त्यात कर्जाचीही मर्यादा घालावी, आणि ती भरभराटीच्या वर्षीच ठरवावी. अडचणीच्या वर्षी ती सावकार ठरवितो.

वेकफील्ड १९४१ साली निवर्तले. पेढीवरून त्यांचे नाव पुसले गेले आहे. लंडनच्या टॉवर हिल परिसरासाठी त्यांनी स्थापिलेल्या न्यासाच्या परंपरेत मात्र ते अजून घेतले जाते. विकलेल्या मालापेक्षा दिलेल्या दानाने ते अधिक काळ जपले.