कोरिया-जपानच्या शाळेत इंग्रजी शिकवायचंय? एजंटला पैसे देण्याआधी हे वाचा

जपान आणि दक्षिण कोरियातल्या शाळांत इंग्रजी शिकवायला दरवर्षी परदेशी तरुण जातात. जपानची 'जेट' योजना १९८७ पासून, तर कोरियाची 'एपिक' १९९५ पासून सुरू आहे. पण हे दार सगळ्यांना सारखं उघडं नाही.

कोरियाचा नियम
इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा ७ देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांना २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे एक वाट मिळाली. पदवी आणि इंग्रजी शिकवण्याची अधिकृत पात्रता असेल, तर शाळेत सहाय्यक शिक्षक होता येतं. खासगी क्लासला तिकडे 'हागवॉन' म्हणतात. तिथे मात्र या वाटेने नोकरी करता येत नाही.

जपानचा नियम
शाळेत इंग्रजी शिकवण्याच्या व्हिसासाठी किमान १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं लागतं. मराठी माध्यमातून शिकलेल्यांची गाडी इथेच अडते.

काम काय, पुढे काय?
वर्ग तिथल्या शिक्षकाचा असतो; आपण त्याच्या जोडीला. करार वर्षाचा. 'जेट'मध्ये जास्तीत जास्त ५ वर्षं राहता येतं. म्हणजे ही कायमची नोकरी नाही.

परत आल्यावर हा अनुभव खासगी किंवा इंटरनॅशनल शाळेत सांगता येतो. पण जिल्हा परिषदेच्या शिक्षक भरतीत टीईटी, टेट या परीक्षा द्याव्याच लागतात. खरा फायदा होतो तो तिथली भाषा शिकून आलेल्याला. जपानीची जेएलपीटी किंवा कोरियनची टोपिक परीक्षा पास असेल, तर दुभाषी, भाषांतर आणि तिथल्या कंपन्यांतली कामं मिळू शकतात. नुसतं इंग्रजी शिकवून आलेला पाच वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहू शकतो.

फसू नका
- "आधी टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडे बघू" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. त्या व्हिसावर नोकरी करणं बेकायदा आहे.
- एजंट नोंदणीकृत आहे का, ते सरकारच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर मोबाईलवरच बघता येतं.
- नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. पावती मागाच.

जमीन गहाण ठेवून लाखो रुपये भरण्याआधी एवढं तरी तपासून घ्या.