मुलं आजोळी, दोघं दौलताबादला

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत चिखली, मोशी, भोसरीच्या चौकांतून रात्री ट्रॅव्हल्सच्या गाड्या भरभरून सुटतात. बीड, जालना, परभणी, लातूर, जळगाव, अगदी बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसऱ्या चिखलीपर्यंतसुद्धा. तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी मल्हारपंत कुलकर्णी यांचं हे टाळगाव चिखली १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. तळवडे, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांनी इथे आणलेल्या माणसांपैकी पुष्कळांचं गाव अजून मराठवाड्यात, खानदेशात नाहीतर विदर्भात आहे. यांतल्या बऱ्याच गाड्या अहिल्यानगरवरून जातात, छत्रपती संभाजीनगरवरून जातात आणि त्या वेळी आतली माणसं झोपलेली असतात. वर्षातून दोनदा निजामशाहीच्या राजधानीवरून आणि यादवांच्या राजधानीजवळून जायचं आणि दोन्हीकडे कधीच उतरायचं नाही, असा हा प्रवास आहे. माझं म्हणणं साधं आहे. मुलं गावी आजी-आजोबांकडे पोचली की नवरा-बायकोने दोन रात्री काढून वाटेवरचं एक जुनं शहर पाहावं. दोघांनीच पाहावं. ही चैन नाही आणि मुलांवर अन्यायही नाही. शिवाय अशा शहरांची खरी ओळख संसारात मुरलेल्या जोडप्यालाच अधिक चांगली होते.

जोडप्याने मिळून प्रवास करायचा ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. लग्न झालं की कुलदैवत, आणि खंडोबा असेल तर नवरीला उचलून जेजुरीच्या काही पायऱ्या चढायच्या. म्हातारपणी काशी, रामेश्वर, जमलं तर चारधाम. म्हणजे सुरुवातीला एक प्रवास आणि शेवटी एक. मधली वीस-पंचवीस वर्षं मोकळी राहतात. पूर्वी हे खटकत नसे, कारण वाड्यात किंवा वस्तीवर एकत्र कुटुंब असे आणि नवरा-बायकोचं नातं हा त्या घरातला एक छोटासा कोपरा असे. आज चिखलीतल्या दोन खोल्यांत किंवा सोसायटीतल्या वन बीएचकेत घर म्हणजे ती दोघं आणि मुलं एवढंच. सगळा भार त्याच नात्यावर येतो आणि त्याला विसावा मात्र मिळत नाही. या मधल्या काळात सहल होते ती मुलांची. वॉटर पार्क, बोटिंग, घोडा, स्ट्रॉबेरी. त्यात वाईट काही नाही, पण त्या सहलीत आई-बाप कामावर असतात. फक्त कामाची जागा बदललेली असते.

औद्योगिक पट्ट्यात हे अधिक जाणवतं, कारण इथे वेळच तुकड्यांत मिळतो. फर्स्ट, सेकंड, नाईट अशा पाळ्या फिरत राहतात. एकाची नाईट आणि दुसऱ्याची जनरल असली की आठवडाभर दोघांची भेट स्वयंपाकघराच्या दारात होते. विजेचा भार वाटून घेण्यासाठी औद्योगिक भागांना आठवड्याचे वेगवेगळे वार ठरवून दिले गेले, तेव्हापासून पिंपरी-भोसरीच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मुलांची शाळा रविवारी बंद. बाप घरी असतो त्या दिवशी मुलं शाळेत, मुलं घरी असतात त्या दिवशी बाप मशीनवर. म्हणून सगळ्यांनी मिळून जायचं ते मे महिन्यात किंवा दिवाळीत, जेव्हा सगळा महाराष्ट्र बाहेर पडलेला असतो. मग नवरा-बायको बोलतात कशाबद्दल? हप्ता, फी, टँकर, गॅस. पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येऊ लागलं, त्यामुळे पाण्याचा वार हासुद्धा संसारातला एक मोठा विषय झाला. ही बोलणी लागतातच. पण केवळ तेवढीच उरली तर दोघं एकमेकांना सहकारी म्हणून उत्तम ओळखतात आणि माणूस म्हणून विसरत जातात.

याला थोडा प्रयोगाचा आधारही आहे. आर्थर ॲरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह २००० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही जोडप्यांची मनगटं आणि घोटे एकमेकांना बांधले आणि हात न लावता उशी सांभाळत, रांगत अडथळा ओलांडायला लावला. इतर जोडप्यांना साधं, कंटाळवाणं काम दिलं. खेळ सात मिनिटांचा, पण तो खेळलेल्या जोडप्यांनी नंतर आपल्या नात्याबद्दल अधिक समाधान नोंदवलं. प्रयोगशाळेतल्या सात मिनिटांवरून चिखलीतल्या संसाराचा निकाल लावणं धाडसाचं आहे, हे मान्य. परंतु त्यातून एवढं दिसतं की नुसतं जवळजवळ बसून राहणं पुरेसं नसतं. दोघांनाही नवीन असलेली एखादी गोष्ट मिळून करण्यात काहीतरी वेगळं असतं. मग ती नवीन गोष्ट एखादं रिसॉर्ट का नको, जुनं शहरच का?

कारण राजधान्यांचा इतिहास हा मुळात घराण्यांचा इतिहास आहे आणि घराण्याचा इतिहास म्हणजे लग्नं, बाळंतपणं, भावंडांची भांडणं आणि वारसाहक्क. शाळेत तो सनावळीतून शिकलेला असतो, म्हणून कोरडा वाटतो. संसार केलेल्या माणसाला तो वेगळा दिसतो. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा घ्या. लहान मुलाला तो गरिबांचा ताजमहाल म्हणून दाखवला जातो, तो दोन फोटो काढतो आणि कुल्फी मागतो. पण ही कबर जिची आहे ती दिलरस बानू, औरंगजेबाची बेगम, १६५७ मध्ये पाचव्या मुलाच्या जन्मानंतर महिनाभरातच वारली. आणि ज्या ताजमहालाची ही नक्कल म्हणायची, त्यातली मुमताज १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात गेली. दख्खनच्या मोहिमेवर निघालेल्या शाहजहानसोबत ती प्रवासातच होती. जगातलं सर्वांत गाजलेलं प्रेमाचं स्मारक आणि त्याची दख्खनी बहीण, दोन्ही इमारती बाळंतपणाने गेलेल्या बायकांच्या आहेत. ही गोष्ट आठ वर्षांच्या मुलापुढे कशी बोलणार? मुलं जन्माला घातलेल्या दोघांनी मात्र ती त्या बागेत उभं राहून जरूर बोलावी. मकबऱ्याचा संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या पट्ट्याला, बाकीचं बरंचसं दगडाचं बांधकाम आणि वर चुन्याचा गिलावा. वास्तुकार अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. कसब घरचंच होतं, पैसा बेताचा होता. गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्यांना ही इमारत ताजमहालापेक्षा जवळची वाटायला हरकत नाही.

तिथून पंधरा किलोमीटरवर दौलताबाद. बाराव्या शतकात यादवांचा भिल्लम पाचवा याने वसवलेली देवगिरी, आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीतली माणसं जिथे आणून वसवली तीच ही जागा. कामासाठी गाव सोडून आलेल्यांना तुघलकाच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टीपेक्षा त्या हलवलेल्या माणसांची गोष्ट अधिक कळेल. तासलेला कडा, खंदक, अंधारीचा काळोखा बोगदा आणि वरची चढण; लहान मूल खांद्यावर आणि पाण्याची पिशवी हातात घेऊन हा किल्ला चढता येतो, पाहता येत नाही. शहरातली पाणचक्की पाहताना थोडं थांबावं. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर हा इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला माणूस. त्याने जमिनीखालच्या नहरींनी शहरात पाणी आणलं. चारशे वर्षांनी त्याच शहरात नळाला कित्येक दिवस पाणी येत नाही, आणि आपल्याकडे दिवसाआड. हा विषय निघाला की नवरा-बायको पुन्हा घरच्या पाण्यावर येतीलच, पण या वेळी तक्रारीऐवजी नहरीचा उतार मोजत.

वेरूळला तर शिल्पकारांनी एका संसाराची चित्रमालिकाच कोरून ठेवली आहे. कैलास सगळे पाहतात आणि तिथेच दमतात. एकविसाव्या लेण्यात, म्हणजे रामेश्वरात, फार थोडे जातात. तिथे पार्वतीचं तप आहे, शिवाशी लग्न आहे, आणि मग दोघं सारीपाट खेळत बसली आहेत. हा द्यूताचा प्रसंग चौदाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यातही आहे. देवांचा देव बायकोबरोबर डाव मांडतो, खाली गण आणि नंदी आपल्या उद्योगात दंग. दुसरीकडे रावण कैलास हलवतो आणि पार्वती घाबरून नवऱ्याला बिलगते. शिव मात्र शांतपणे पायाच्या अंगठ्याने डोंगर दाबून धरतो. सहाव्या ते आठव्या शतकांतल्या कारागिरांना लग्नसोहळ्याइतकाच लग्नानंतरचा रिकामा वेळही कोरण्याजोगा वाटला. यातलं एक शिल्प नीट पाहायला पंधरा मिनिटं लागतात, आणि ‘चला ना’ म्हणणारं कुणी बरोबर नसावं लागतं.

गाव दुसऱ्या दिशेला असेल तर शहर बदलतं, मुद्दा बदलत नाही. सोलापूर, धाराशिवकडच्यांना विजयपूर, म्हणजे जुनं विजापूर, जवळ. सोलापूरहून ते सुमारे शंभर किलोमीटर. तिथल्या गोलघुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे आणि आतल्या सज्ज्यात भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडच्या माणसाला ऐकू जातं. शाळांच्या सहली आल्या की आरोळ्यांखेरीज काही ऐकू येत नाही, म्हणून पहाटे उघडल्याबरोबर जावं. इब्राहिम रोजा मात्र मला त्याहून सुंदर वाटतो. ताज सुलताना या राणीसाठी उभारायला घेतलेल्या त्या वास्तूत १६२७ मध्ये इब्राहिम दुसरा स्वतःच दफन झाला. खानदेशकडच्यांना भुसावळच्या पुढे बुऱ्हाणपूर आहे, जिथे तापीपलीकडच्या बागेत मुमताजचा देह आग्ऱ्याला नेईपर्यंत काही महिने ठेवला होता. अहिल्यानगरला चांदबीबी. लग्न होऊन विजापूरला गेलेली, वैधव्यानंतर माहेरी येऊन १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध किल्ला लढवणारी मुलगी. माहेर-सासरची ही कथा आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

आता आक्षेप. सर्वांत रास्त आक्षेप असा की मुलांनी इतिहास पाहायला नको का? पाहायलाच हवा. पण स्वतः काही न पाहिलेला बाप मुलाला फलकच वाचून दाखवतो. आधी पाहिलेले आई-वडील पुढच्या वर्षी मुलाला नेतील तेव्हा नेमकं कुठे थांबवायचं हे त्यांना माहीत असेल. दुसरा आक्षेप पैशांचा. इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही: पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही, म्हणजे दारावर मुलं न नेल्याने काही वाचत नाही. वाचतं ते खोलीत, गाडीत आणि खाऊत. शिवाय १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. पूर्वी ज्या प्रवासात अर्धं तिकीट लेकराचं असे तिथे आता ते त्याच्या आईचं आहे, आणि दोघांचा प्रवास दीड तिकिटात होतो. गावी जाणं ठरलेलंच असल्याने जास्तीचा खर्च दोन रात्रींचा लॉज, रिक्षा आणि जेवण एवढाच. कपड्यालत्त्याच्या एखाद्या खरेदीत तो निघतो.

तिसरा आक्षेप बोलला जात नाही, पण सर्वांत जड तोच असतो: लोक काय म्हणतील, आणि आईच्या मनाला ते कसं लागेल. इथे एक विसंगती दिसते. कंपनीने बापाला पंधरा दिवस ट्रेनिंगला पाठवलं तर कुणी काही म्हणत नाही. आई बाळंतपणाला किंवा आजारपणाला माहेरी गेली तरी चालतं. मुलांना महिनाभर मामाकडे ठेवणं तर आपली जुनी रीतच. म्हणजे मुलं आई-बापांपासून दूर राहणं आपल्याला मुळीच नवं नाही; त्या वेळात आई-बापांनी आनंदात असणं तेवढं नवं आहे. आजी-आजोबांवर भार टाकतो असंही म्हटलं जातं. वर्षातून दोनदा नातवंडं दिसणाऱ्या घरात दोन दिवस म्हणजे भार, हे आधी त्यांना विचारून मगच ठरवावं. विचारणं मात्र खरंच हवं, गृहीत धरणं नको. ज्यांचं गावी कुणी नाही त्यांची अडचण मोठी आहे आणि तिला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. शेजारच्या घराशी आळीपाळीने एकमेकांची मुलं सांभाळण्याचा करार, एवढंच सुचतं. अंगावर पिणारं मूल, दहावीचं वर्ष, घरात आजारी माणूस, अशा वेळी हा विचार बाजूलाच ठेवावा.

आणि कुणी म्हणेल, इतक्या लांब कशाला? देहू, आळंदी, चिंचवडला मोरया गोसावी, चाकणला फिरंगोजी नरसाळ्याने १६६० मध्ये शायिस्ताखानाविरुद्ध लढवलेला संग्रामदुर्ग, हे सगळं हाकेवर आहे. आहेच, आणि ते मुलांना घेऊन पाहावं. पण जिथून संध्याकाळी घरी परतता येतं तिथे मन घरीच असतं. दुधाची पिशवी आणि पाण्याची मोटर तिथूनही आठवते. रात्र बाहेर काढल्याशिवाय घरचं बोलणं थांबत नाही. फोन तर खिशात असतोच, म्हणून मुलांशी बोलायची वेळ ठरवून घ्यावी. रात्री जेवणानंतर एकदा पुरे.

रजा कशी काढायची याचं गणित कारखान्यातल्या माणसाला सांगायला नको. गुरुवारची सुट्टी, तिला जोडून एक सीएल, आणि नोकरी करणाऱ्या बायकोची दोन दिवस रजा. आधार कार्ड दोघांचंही जवळ ठेवा, लॉजवर लागतं. मे महिन्याचं ऊन दौलताबादला सोसत नाही, तेव्हा दिवाळीची सुट्टीच बरी. तारीख ठरवताना एक पाहा: अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. गुरुवारी दोन्ही उघडी असतात.