‘नोलॉक’ लिहिलं तरी कुलूप असतंच
मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्वेरीत ‘नोलॉक’ लिहिलं की टेबलाला कुलूप लागतच नाही, हा समज चुकीचा आहे. अशी क्वेरी ओळींवर वाचनाचं कुलूप लावत नाही, हे खरं. पण टेबलाची रचना मध्येच बदलू नये म्हणून रचनेपुरतं कुलूप घेतेच. त्यामुळे मोठा अहवाल चालू असताना कुणी नवा रकाना जोडायला गेलं, तर त्याला थांबावं लागतं आणि त्याच्यामागे नंतरच्या क्वेरींचीही रांग लागते. वेग तरी मिळतो ना, असं कुणी म्हणेल. मिळतो, पण खात्यातून वजा झालेले ५०० रुपये व्यवहार रद्द होऊन परत आले, तरी मधल्या क्षणी वाचलेल्या अहवालात ते वजाच राहतात. पैशांच्या हिशेबात ‘नोलॉक’ वापरू नका.