बाह्या आधी आखूड होतात

निफाडकडे पारा 10 अंशांखाली गेला की कपाटातून गेल्या वर्षीचे स्वेटर निघतात, आणि पोरांची मनगटं बाहेर! नाशिकच्या एका विणकामवेड्या आजींकडे शेजारची सून परवा हीच तक्रार घेऊन आली.

यात नवल नाही. बाळ पहिल्या वर्षात साधारण 25 सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात 12च्या आसपास. पुढे वेग मंदावतो. पण पहिल्या वाढदिवसानंतर धडापेक्षा हातपाय भराभर लांबतात. म्हणून स्वेटर छातीला बसतो, बाह्या मात्र अपुऱ्या.

उपाय विणण्यातच आहे. स्वेटर गळ्यापासून खाली विणावा. पुढच्या थंडीत बाहीची शेवटची, बंद केलेली ओळ उसवायची, मोकळे टाके सुयांवर घ्यायचे आणि हवी तेवढी लांबी वाढवायची. खालून वर विणलेली बाही काठाकडून अशी सरळ उसवत नाही. तिथे काठ कापून टाके उचलावे लागतात. किचकट काम! जुन्या लोकरीचा रंग मिळाला नाही तर दुसऱ्या रंगाचा पट्टा घालावा. आजींच्या मते तो जास्त शोभतो.

आपल्याकडे थंडीतही दुपारी ऊन तापतं. बाळाच्या मानेला मागून घाम लागला तर एक थर उतरवावा. तळहात गार लागले म्हणून गुंडाळत सुटू नये. घरात झोपताना कानटोपीही नको.

विणताना कुठे अडलं असेल तर जरूर विचारा; जुन्या स्वेटरचा फोटो टाकलात तर सांगणं सोपं जाईल.