फायबरचा वेग आणि घरातील राउटर

३०० एमबीपीएसची फायबर जोडणी घेऊनही संगणकावर वेग ९५च्या आसपासच अडकतो, असा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी दोष फायबरचा नसून राउटरचा असण्याची शक्यता अधिक असते. जुन्या किंवा स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. म्हणून खरेदी करताना सर्व पोर्ट ‘गिगाबिट’ आहेत ना, हे प्रथम पाहावे. केबलही किमान ‘कॅट ५ई’ प्रकारची असावी.

राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळ्या जागी ठेवावा. लोखंडी कपाटे व जाड भिंती लहरींना अडवितात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण त्याचा पल्ला कमी, २.४ गिगाहर्ट्झचा संथ, पण दूरवर पोहोचणारा. जवळच्या उपकरणांसाठी पहिला, लांबच्या खोलीसाठी दुसरा वापरावा.

वेगाइतकीच सुरक्षितताही महत्त्वाची. कारण आपले बँकेचे व्यवहार याच मार्गाने होतात. राउटरच्या सेटिंगसाठी कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. वाय-फायसाठी २०१८ मध्ये आलेली ‘डब्ल्यूपीए३’ अथवा निदान ‘डब्ल्यूपीए२’ सुरक्षा निवडावी आणि फर्मवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे. घराला कुलूप लावताना आपण जी दक्षता घेतो, तीच येथेही घ्यावी.